ख्रिस्ती धर्माचा ऱ्हास आणि मराठी पोथी

आधुनिक राष्ट्रीय संस्कृतींत ख्रिस्ती धर्माचा ऱ्हास होत चालला आहे काय, असा प्रश्न अलीकडे वारंवार कानांवर येतो. युरोपांत तो एका अर्थानें विचारला जातो व आपल्याकडे दुसऱ्या अर्थानें. तिकडे विचारणाऱ्याच्या डोळ्यांपुढें ओस पडत चाललेलीं देवळें असतात. इकडे विचारणाऱ्याच्या मनांत बहुधा धर्मांतराचा वाद असतो. आधार मात्र दोघेहि एकच घेतात, तो खानेसुमारीचा. इंग्लंड व वेल्स मिळून २०११ सालीं शेंकडा ५९.३ लोक स्वतःस ख्रिस्ती म्हणवीत होते, ते २०२१ सालीं ४६.२ उरले. महाराष्ट्रांत २००१ सालीं ख्रिस्ती लोक १०,५८,३१३ होते, ते २०११ सालीं १०,८०,०७३ झाले. परंतु एकंदर लोकसंख्येशीं त्यांचें प्रमाण शेंकडा १.०९ वरून ०.९६ वर उतरलें. एकाच कोष्टकावरून एक पक्ष वाढ सिद्ध करतो व दुसरा घट. ज्या प्रमाणावरून परस्परविरुद्ध दोन्ही अनुमानें निघतात, तें प्रमाण प्रस्तुत प्रश्नास लागू नाहीं, असें समजण्यास हरकत नसावी.

न्यायशास्त्राच्या परिभाषेंत बोलावयाचें तर, "ज्याचे अनुयायी अधिक त्याचें संस्कृतींतील स्थान अधिक" हें लक्षण अव्याप्ति व अतिव्याप्ति या दोन्ही दोषांनीं दूषित आहे. २०११ सालीं सबंध भारतांत पारशी लोक अवघे ५७,२६४ होते. तथापि पारशांस वगळून मुंबईच्या रंगभूमीचा किंवा उद्योगधंद्यांचा इतिहास लिहूं म्हणणारा हास्यास्पद ठरेल. उलटपक्षीं, एखाद्या प्रांतांत मोठ्या संख्येनें वसलेला समाजहि त्या प्रांताच्या वाङ्मयावर एक रेघ न उमटवितां राहूं शकतो. म्हणून आम्ही कसोटी निराळी घेतों. त्या राष्ट्राच्या भाषेंत त्या धर्मानें असें कांहीं लिहिलें आहे काय, कीं जें त्या धर्माचा अनुयायी नसलेल्यासहि वाचल्यावांचून गत्यंतर नाहीं? लिहिलें असल्यास तें आज वाचलें जातें काय? हे दोन प्रश्न विचारले म्हणजे ऱ्हास कोठें झाला, केव्हां झाला व कोणामुळें झाला हें पाहतां येतें.

इंग्लंडचें उदाहरण आधीं घेऊं, कारण त्याचा आमच्या विषयाशीं दिसतो त्याहून जवळचा संबंध आहे. १६११ सालीं तेथें राजाज्ञेनें बायबलाचें इंग्रजी भाषांतर छापलें गेलें. आज त्या देशांत देवळांत न जाणारा मनुष्यहि बोलतांना नकळत त्या भाषांतराचे शब्दप्रयोग करीत असतो. श्रद्धा ओसरली, पण भाषा उरली. आतां त्याच इंग्लंडांत १५४९ च्या सुमारास जन्मलेला, रोमन कॅथॉलिक असल्यामुळें स्वदेशीं ज्यास धर्माचरण करणें अशक्य झालें, असा एक मनुष्य १५७९ सालीं गोव्यास उतरला. आणि त्या भाषांतरानंतर पांचच वर्षांनीं, १६१६ सालीं, राशोल येथें त्याचा ग्रंथ छापून निघाला. तो ग्रंथ मराठी, त्याचें वृत्त ओवी आणि त्याचें रूप पुराणाचें. फादर थॉमस स्टीफन्स यांचें ख्रिस्तपुराण तें हेंच. एकाच देशाच्या माणसांनीं लिहिलेले हे दोन ग्रंथ. एक त्या देशाच्या बोलण्यांत मुरला, व दुसरा ज्यांच्या भाषेंत लिहिला गेला त्यांच्याच हातून निसटला. हा भेद श्रद्धेच्या बळाबळामुळें पडला असें आम्हांस वाटत नाहीं. तो लिपीमुळें व राजाज्ञेमुळें पडला.

परंतु त्याआधीं थोडें मागें जाणें अवश्य आहे. आम्ही डोंबिवलीस राहतों. एका अंगास कल्याण व दुसऱ्या अंगास ठाणें. या दोन्ही ठिकाणीं ख्रिस्ती धर्म पोर्तुगीजांच्या कितीतरी आधीं येऊन गेला होता, ही गोष्ट येथील रहिवाश्यांपैकीं थोड्यांसच ठाऊक असेल. इ. स. च्या सहाव्या शतकांतील कॉस्मस नांवाचा अलेक्झांड्रियाचा ग्रंथकार सांगतो कीं, 'कल्लियाना' येथें ख्रिस्ती लोक असून इराणांतून नेमलेला एक बिशप आहे. हें कल्याण आपलें नव्हे, तें दक्षिणेकडे कोठें तरी असावें, असें मत कांहीं विद्वानांनीं मांडलें आहे. आम्हांस तें पटत नाहीं. कॉस्मस बंदरांचीं नांवें सिंध, सौराष्ट्र, कल्लियाना, सिबोर अशा क्रमानें देऊन नंतर मिऱ्यांच्या मलबारकडे वळतो. सिबोर म्हणजे चौल मानल्यास हा क्रम उत्तरेकडून दक्षिणेकडे सरळ किनाऱ्यानें येणारा ठरतो, व त्यांत कल्याणाचें स्थान जेथें असावयास पाहिजे तेथेंच पडतें. कान्हेरीच्या लेण्यांत दान देणारे कल्याणचे लोक आढळतात, ते या बंदराच्या प्राचीनत्वाची साक्ष देतात तें वेगळेंच.

पुढें १३२१ सालीं ठाण्यास चार फ्रान्सिस्कन साधु मारले गेले. त्यानंतर थोड्याच वर्षांत तेथें आलेला ऑडोरिक हा प्रवासी नेस्तोरी ख्रिस्त्यांचीं पंधरा घरें असल्याचें लिहितो. म्हणजे कल्याणच्या त्या बिशपापासून ठाण्याच्या या पंधरा घरांपर्यंत आठशें वर्षें गेलीं. या आठशें वर्षांत त्या लोकांनीं मराठींत लिहिलेली एक ओळ, एक शिलालेख, एक ताम्रपट आमच्या पाहण्यांत नाहीं. त्यांची उपासना सीरियाक भाषेंत चालत असावी व व्यवहार येथल्या बोलीनें. ते लोक पुढें कोठें गेले, कशांत मिसळले, हें कोणास कळलें नाहीं. कळण्याचें साधनच त्यांनीं मागें ठेविलें नाहीं. आमच्या कसोटीनें पाहतां येथें ऱ्हास झाला असेंहि म्हणतां येत नाहीं, कारण ज्याचा ऱ्हास व्हावयाचा तें कधीं उत्पन्नच झालें नव्हतें.

ख्रिस्तपुराणाची गोष्ट अगदीं उलट आहे. जोसेफ सालढाणा यांनीं १९०७ सालीं मंगळूरास काढलेल्या आवृत्तींत पहिल्या पुराणाच्या ४,२९६ व दुसऱ्या पुराणाच्या ६,६६६ ओव्या आहेत. पहिल्याचे अध्याय छत्तीस व दुसऱ्याचे एकुणसाठ. अध्यायास ग्रंथांत 'अवस्वरु' म्हटलें आहे. हा शब्द 'अवसर' शब्दाशीं ताडून पाहण्यासारखा आहे, पण तो विषय स्वतंत्र लेखाचा. ग्रंथाचा उपक्रमच मोठा बोलका आहे. नव्यानें ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रीगुरूस विनवितो कीं, आमचीं जुनीं पुराणें तुम्हीं बंद केलीं, तर त्यांच्या जागीं वाचावयास आमच्या भाषेंत कांहीं तरी द्या. व त्या विनंतीचें उत्तर म्हणून सारें पुराण सांगितलें जातें.

या एका प्रसंगांत सबंध प्रश्नाचें मर्म आलें आहे, व तें टाळून पुढें जाणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. गोव्याच्या साष्टींत देवळें पाडलीं गेलीं, पोथ्या जाळल्या गेल्या, १५६० पासून गोव्यांत इन्क्विझिशनचें न्यायासन बसलें व तें १८१२ पर्यंत टिकलें. पोथ्यांवर ज्यांचें प्रेम आहे अशा कोणत्याहि वाचकास हें वाचून क्रोध आल्यास तो अस्थानीं नव्हे. परंतु कवि स्वतःच आपल्या पहिल्या अवस्वरूंत त्या ब्राह्मणाच्या तोंडून हें रितेपण कबूल करवितो, हेंहि विसरतां येत नाहीं. ग्रंथ नाहींसे झाल्यावर मनुष्य उपाशी राहतो हें ज्यास कळलें, त्यानेंच हा ग्रंथ लिहिला. ज्ञानदेव-एकनाथांची ओवी त्यानें उसनी घेतली, ती त्यांच्याच श्रोत्यांसाठीं. या पोटीं पुराणाचा तिरस्कार करणारे आमचे कांहीं मित्र आहेत. त्यांस आम्ही एवढेंच विचारतों कीं, त्याच राशोलच्या पाद्र्यांनीं रोमन लिपींत उतरून घेतलेल्या रामायण-महाभारताच्या कथा व मराठी काव्यें पोर्तुगालांत ब्रागा येथील ग्रंथालयांत ७७१, ७७२ व ७७३ या क्रमांकांच्या बाडांत शिल्लक राहिलीं, तींहि टाकून द्यावयाचीं काय?

जातां जातां एक सूचना. गोव्याची साष्टी व ठाण्याची साष्टी या दोन निराळ्या. दोहोंचें नांव षट्षष्टि, म्हणजे सहासष्ट गांवें, यावरूनच आलें असें मानतात. त्यामुळें स्टीफन्स यांस ठाणें जिल्ह्यांत आणून बसविण्याचा मोह टाळावा. त्यांची साष्टी दक्षिणेची.

आतां लिपीकडे वळूं. ख्रिस्तपुराण रोमन लिपींत छापलें गेलें, तें कवीच्या हौसेनें नव्हे. ५ डिसेंबर १६०८ रोजीं स्टीफन्स यांनीं आपल्या संघाच्या मुख्याधिकाऱ्यांस रोम येथें लिहिलेलें पत्र उपलब्ध आहे. मलबारांत जशीं तेथील भाषेंत व तेथीलच लिपींत पुस्तकें छापलीं गेलीं, तशीं या प्रांतांतहि छापावीं ही आपली जुनी इच्छा आहे, असें ते त्यांत सांगतात. अडचण सांगतात ती ठशांची. आपली लिपि अक्षरप्रधान असल्यामुळें सुमारें सहाशें सांचे लागतील. पण युक्तीनें काम केल्यास दोनशेंवर भागेल, असा त्यांचा हिशेब. हे दोनशें सांचे कधीं पडले नाहींत. पडले असते तर मराठी मुद्रणाचा आरंभ १६१६ सालीं देवनागरींत झाला असता. तें न झाल्यामुळें मराठीस श्रीरामपूरच्या छापखान्याची, म्हणजे एकोणिसाव्या शतकाची वाट पाहावी लागली. एका जुनाट पत्रांतील हा हिशेब आम्हांस कोणत्याहि खानेसुमारीहून अधिक महत्त्वाचा वाटतो. रोमन लिपींतील ओवी देशावरील कीर्तनकारास, पुराणिकास, पोथी लिहिणाऱ्या लेखकास वाचतां येणें शक्यच नव्हतें. ग्रंथ मराठी, पण महाराष्ट्रास तो मुका राहिला.

उरलेलें काम राजाज्ञेनें केलें. स्टीफन्स १६१९ सालीं वारले. त्यांच्यामागून एतिएन द ला क्रुवा या फ्रेंच पाद्र्याचें सेंट पीटरवरील प्रचंड मराठी पुराण १६२९ व १६३४ सालीं निघालें. स्टीफन्स यांच्या ग्रंथाच्याहि १६४९ व १६५४ सालीं आवृत्त्या झाल्या. एकूण परंपरा जोमांत होती. मग १६८४ सालीं व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर यानें फर्मान काढलें कीं, देश्य लोकांनीं तीन वर्षांच्या आंत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. बोलणें अर्थात् सुटलें नाहीं. फर्मानानें भाषा सुटत नसते. पण मराठींत ग्रंथ छापणें संपलें. मराठी संस्कृतींतील ख्रिस्ती धर्माचा खरा ऱ्हास कोणत्या सालीं झाला असें कोणी आम्हांस विचारील, तर आम्ही १६८४ हें साल सांगूं. तो ऱ्हास कोणा परधर्मीयानें केला नाहीं, कीं नास्तिकानें केला नाहीं. एका ख्रिस्ती राजाच्या ख्रिस्ती अधिकाऱ्यानें तो सहीशिक्क्यानिशीं केला.

तरीहि ग्रंथ मेला नाहीं, ही त्याच्या गुणांची खरी परीक्षा. तिन्ही छापील आवृत्त्यांची एकहि प्रत आज उपलब्ध नसतां तो हस्तलिखितांवर जगला. गोव्याहून कानडा मुलखांत गेलेल्या कुटुंबांनीं तो नकलून ठेविला, उपवासाच्या दिवसांत गाइला. टिपूनें त्या लोकांस श्रीरंगपट्टणास कैदेंत नेलें तेव्हां तेथेंहि पुराणाच्या ओव्यांचा त्यांस आधार होता अशी परंपरा आहे. सालढाणा यांस १९०७ ची आवृत्ति काढतां आली ती अशाच रोमन हस्तलिखितांवरून. पुढें जस्टिन ॲबट यांनीं लंडन येथील मार्सडेन संग्रहांत ख्रिस्तपुराणाची देवनागरी प्रत असल्याचें दाखवून दिलें. १९५६ सालीं शांताराम बंडेलू यांनीं पुण्यास देवनागरी आवृत्ति काढली, १९९६ सालीं कारिदाद द्रागो यांची व २००९ सालीं नेल्सन फालकाँव यांची मराठी गद्यानुवादासह आवृत्ति निघाली. म्हणजे १६१६ च्या ग्रंथाची देवनागरी आवृत्ति मराठी वाचकाच्या हातीं पडावयास ३४० वर्षें लागलीं.

रोमन व देवनागरी या दोन परंपरांत जो पाठभेद आहे, त्याची चर्चा अद्याप पुरी झालेली नाहीं, व आमच्या मतें या सबंध विषयांत विचारास योग्य असें सर्वांत मोठें स्थळ तेंच आहे. रोमन प्रतींत धर्मसंस्कारांचे व अधिकाऱ्यांचे शब्द बहुशः लॅटिन-पोर्तुगीज वळणाचे आहेत. मार्सडेन प्रतींत त्यांच्या जागीं संस्कृत शब्द योजलेले दिसतात. मूळ कोणतें? एक पक्ष म्हणतो, कवीस देवनागरीची तळमळ होती, तेव्हां संस्कृतप्रचुर पाठच त्याचा. छापण्याच्या परवानगीसाठीं तो बदलावा लागला. दुसरा म्हणतो, छापील ग्रंथ तोच मूळ. कोणीतरी मागाहून परकी शब्द काढून त्यास देशी वेष चढविला.

भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या संपादनांत डॉ. सुखठणकर यांनीं घालून दिलेली शिस्त ज्यांस परिचित आहे, ते येथें लगेच कठिन पाठाचा नियम पुढें करतील: नकलकार कठिणाचें सोपें करतो, सोप्याचें कठिण करीत नाहीं, म्हणून कठिन पाठ मूळ. नियम उत्तम, पण येथें कठिण कोणास? राशोलच्या ख्रिस्ती घरांतील नकलकारास पोर्तुगीज शब्द रोजचा व संस्कृत शब्द अवघड. पाठशाळेंत शिकलेल्या लेखकास नेमकें उलट. नकलकार कोण हें ठरल्याशिवाय नियमाचें टोंक कोणाकडे फिरवावें हेंच ठरत नाहीं. केवळ शब्दांचा रंग पाहून दिलेले निर्णय त्यामुळें आम्हांस कच्चे वाटतात, मग ते कोणत्याहि पक्षाचे असोत.

त्याहून भक्कम अशी एक कसोटी आहे व ती ओवीच्या रचनेंतूनच मिळते. ओवीच्या पहिल्या तीन चरणांच्या अंतीं यमक असतें, चवथा चरण मोकळा व आखूड. चरणाच्या मध्यें एक शब्द काढून दुसरा घातला तर सैल अक्षरगणनेमुळें त्याचा वणहि राहत नाहीं. पण शब्द यमकस्थानीं असेल तर तो बदलतांना उरलेले दोन चरणहि बदलावे लागतात, नाहीं तर यमक मोडतें. म्हणून परिभाषेचे शब्द जेथें यमकस्थानीं आले आहेत तेवढ्याच ओव्या निवडून दोन्ही परंपरांत समोरासमोर मांडाव्या. ज्या परंपरेंत अशा ओव्या सहज उतरल्या असतील ती मूळ. जींत त्या ओढाताण करून जुळविलेल्या किंवा मोडलेल्या दिसतील ती सुधारलेली. काम कंटाळवाणें आहे, पण दोन पाठकांनीं मिळून एका पावसाळ्यांत होण्यासारखें आहे. निर्णय कोणत्याहि बाजूनें लागला तरी त्याचें मोल सारखेंच. संस्कृत पाठ मूळ ठरला तर ख्रिस्ती तत्त्वज्ञान संस्कृत परिभाषेंत बसविण्याचा इतका जुना प्रयत्न मराठींत झाला होता असें सिद्ध होईल. रोमन पाठ मूळ ठरला तर तो प्रयत्न कोण्या अज्ञात मराठी पंडितानें केला असें सिद्ध होईल, व तो पंडित शोधावा लागेल.

उत्तर कोकणाचा इतिहास वेगळ्या वाटेनें गेला. १६५९ सालीं फ्रान्सिस्को वाझ द गिमराइंश या फ्रान्सिस्कन पाद्र्याचें ख्रिस्ताच्या दुःखभोगावरील मराठी पुराण लिस्बन येथें छापलें गेलें, तें याच भागांतील ख्रिस्ती लोकांसाठीं. १७३९ सालीं चिमाजीआप्पांनीं वसई घेतल्यावर पोर्तुगीज अंमल गेला. लोक राहिले व त्यांची मराठीहि राहिली. पुढें १८८७ सालीं त्यांच्या मुंबईंतील पुढाऱ्यांनीं 'ईस्ट इंडियन' हें नांव घेतलें. मराठी बोलणाऱ्या समाजानें ईस्ट इंडिया कंपनीची आठवण राहील असें नांव धारण करावें, हा इतिहासाचा विनोदच म्हणावयाचा. तथापि वसईकडील सामवेदी व वाडवळ ख्रिस्त्यांत मराठी कधींच तुटली नाहीं; १९६० नंतरच्या दशकांत रोमनें देशी भाषांत उपासना करण्यास मोकळीक दिल्यावर तेथील देवळांत मराठी मिस्सा सुरू झाली. चर्चला ते लोक देऊळच म्हणतात.

एकोणिसाव्या शतकांतील वाङ्मय वाचकांच्या परिचयाचें असल्यामुळें त्याविषयीं थोडक्यांत लिहितों. अमेरिकन मिशनचा 'ज्ञानोदय' १८४२ सालीं निघाला. बाबा पदमनजींचें 'यमुनापर्यटन' १८५७ चें. पंडिता रमाबाईंनीं मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून केलेलें बायबलाचें मराठी भाषांतर १९२२ सालीं मृत्यूपूर्वीं पुरें केलें. नारायण वामन टिळक १८९५ सालीं ख्रिस्ती झाले व १९१९ सालीं वारले. लक्ष्मीबाईंचीं 'स्मृतिचित्रें' १९३४ पासून प्रसिद्ध होऊं लागलीं. या सर्व लेखकांमागें स्टीफन्स यांची परंपरा नव्हती. रोमन हस्तलिखितांत अडकलेला ग्रंथ त्यांस उपयोगी पडण्यासारखा नव्हता, म्हणून त्यांनीं प्रत्येक गोष्ट पुन्हां पहिल्यापासून केली. टिळकांनीं अभंग हातीं धरला तो त्यांच्या स्वतःच्या प्रतिभेनें.

मराठी वाङ्मयाच्या इतिहासकारांनीं या लेखकांस न्याय दिला काय? 'मिशनरी वाङ्मय' असें एक प्रकरण करून त्यांत सर्वांस कोंडण्याची पद्धत पडली आहे. 'यमुनापर्यटन' ही पहिली कादंबरी म्हणून तिचा मान करावयाचा व लगेच ती धर्मप्रचारासाठीं लिहिली म्हणून काढून घ्यावयाचा. जणू महानुभावांचें 'लीळाचरित्र' धर्मप्रचारासाठीं लिहिलें नव्हतें! 'स्मृतिचित्रें' सर्वांस आवडतात, पण तीं नवराबायकोच्या गमतींसाठीं. लक्ष्मीबाई स्वतः १९०० सालीं ख्रिस्ती झाल्या त्यामागील मनाची घालमेल फारसा कोणी वाचीत नाहीं. ख्रिस्तपुराणाचें तर काय सांगावें? मराठी भाषेच्या स्तुतीच्या त्यांतील ओव्या पाठ्यपुस्तकांत असतात. आम्हीं शिक्षक म्हणून त्या कित्येक वर्षें शिकविल्या, मुलांनीं त्या पाठ केल्या. पण शाळेच्या कपाटांत सबंध पुराण आम्हांस कोठेंहि आढळलें नाहीं. दहा हजारांवर ओव्यांपैकीं आपली स्तुति तेवढी ठेवून बाकीच्या परत करणें ही रसिकता नव्हे.

२०१७ सालीं नव्वदावें अखिल भारतीय मराठी साहित्यसंमेलन आमच्या डोंबिवलींत भरलें. त्यानंतर तीनच वर्षांनीं, जानेवारी २०२० मध्यें उस्मानाबाद येथील त्र्याण्णवाव्या संमेलनाच्या अध्यक्षपदीं वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो बसले. त्यांच्या निवडीस कांहीं मंडळींनीं विरोध केला. तो ते पाद्री आहेत एवढ्यावरून. 'सुबोध बायबल' लिहिणारा, 'सुवार्ते'चें संपादन करणारा हा लेखक २०२४ सालीं निवर्तला. त्यांच्या भाषेविषयीं मतभेद असूं शकतो, पण विरोधकांनीं त्यांचें एखादें पान वाचून तो केला असता तर आम्हीं त्यास टीका म्हटलें असतें.

आणि कल्याण? १९८८ सालीं तेथें सीरो-मलबार पंथाचा धर्मप्रांत स्थापन झाला. या पंथाची उपासनापद्धति पूर्व-सीरियाक कुळांतली, म्हणजे कॉस्मसच्या काळीं इराणांतून नेमून येणाऱ्या बिशपाची जी असावी तीच. चौदाशें वर्षांनीं ती परंपरा त्याच गांवीं परत आली, केरळांतून, पोटापाण्यासाठीं आलेल्या लोकांबरोबर. डोंबिवलींतील ख्रिस्ती कुटुंबांपैकीं पुष्कळशीं अशींच केरळांतून, गोव्यांतून, मंगळुराकडून आलेलीं. त्यांच्या प्रार्थना बहुधा मल्याळम् किंवा इंग्रजींत चालतात. संख्येनें पाहिलें तर ही वाढच. पण मराठींत कांहीं न लिहितां हे लोकहि येथें दोनशें वर्षें राहिले, तर त्या पंधरा नेस्तोरी घरांहून त्यांचा वृत्तांत निराळा होणार नाहीं. यांत आम्ही त्यांस दोष देत नाहीं. त्यांचीं मुलें याच शाळांत मराठी शिकतात व त्यांच्यांतून उद्यां कोण निघेल हें कोणी सांगावें?

राहिला प्रश्न आमच्या वाचकांचा, म्हणजे पोथ्या जमविणाऱ्यांचा. वर सांगितलेली यमकाची परीक्षा उपलब्ध प्रतींवर करतां येईल, पण प्रती जितक्या अधिक तितका निर्णय पक्का. गोवें, सावंतवाडी, बेळगांव व कारवार या बाजूंस जुन्या घरांतून बाडें निघतात, त्यांत रोमन अक्षर दिसलें कीं तें 'पोर्तुगीज कागद' म्हणून बाजूस टाकलें जातें. एवढी संवय सोडावी. बाड मराठी आहे कीं पोर्तुगीज हें ओळखण्यास पोर्तुगीज यावीच लागते असें नाहीं. ओळी चार-चारांच्या गटांनीं मांडल्या असतील, प्रत्येक गटाची चवथी ओळ आखूड असेल, तर ती ओवी असण्याचा संभव फार. 'ण', 'ट', 'ड', 'ळ' यांसाठीं तेंच रोमन अक्षर दोनदां लिहिलेलें दिसेल, 'श' साठीं एक्स हें अक्षर असेल, व शब्दाच्या अंतीं अनुस्वाराच्या जागीं एम् येत राहील. अशी एक ओळ मोठ्यानें वाचली कीं कान लगेच सांगतो.

अशा बाडांचीं पहिलीं व शेवटलीं पानें हाताळून झिजलेलीं असतात. त्यामुळें नांव, लेखक, साल यांपैकीं कांहींच मिळत नाहीं व संग्राहक निराश होतो. आमच्या कामास तीं पानें लागत नाहींत. दुसऱ्या पुराणांत ख्रिस्ताच्या बाप्तिस्म्याचा जो प्रसंग आहे, तेथें परिभाषेचे शब्द दाट आहेत, व तो बहुधा बाडाच्या मधल्या, शाबूत भागांत सांपडेल. पानांवर मेणाचे किंवा तेलाचे डाग असले तर ते पुसूं नयेत. बाड कोणत्या घरांत, कोणत्या गांवीं व कोणत्या सणास वाचलें जात असे तें घरांतील वडीलधाऱ्या बायकांस विचारून त्याच दिवशीं लिहून ठेवावें. मालकानें विकण्यास नकार दिल्यास आग्रह करूं नये. त्या प्रसंगाच्या ओव्यांचीं छायाचित्रें मिळालीं तरी पाठ ताडून पाहतां येतील.